काळ्या लेपाखाली

मंगळवार, नऊ तारीख

बाबांच्या दोन सीटच्या गाडीत ज्यांना बाबांनी कधी बसू दिलं नाही, अशा माझ्या धाकट्या भावाला आणि त्याच्या लेकीला,

दोघांना नमस्कार, आशीर्वाद, वयाप्रमाणे ज्याचं त्यानं वाटून घ्यावं.

आपलं तिघांचं दुखणं एकच आहे. गाडी घरची आणि परके आपण! छत उघडून बाबा एकटे फिरून यायचे, आणि आपण गॅलरीतून बघायचं. "पुसायची असेल तर डोळ्यांनी पुसा," हे वाक्य खारूनंही ऐकलंय, नातीला तरी सूट मिळेल असं वाटत असताना. गेल्या वर्षी बाबा गेले, गाडी माझ्या नावावर ठेवून गेले आणि मी ती त्याच आठवड्यात तुला दिली. सगळे म्हणाले, मोठं मन. असो.

इकडे ठीक. गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना नाही. खालच्या शिंप्यानं दुकान रंगवलं, त्या वासानं दोन दिवस डोकं धरलं होतं. वाचनालयातून आणलेली तीन पुस्तकं उशाशी आहेत. एकाचंही पान उलटत नाही.

परवा रविवारी तू मला फेरी मारून आणलीस त्याबद्दल लिहायचं होतं.

गाडी सुरेख झाली आहे, हे आधी सांगते. पूर्वी ती वळणावर होडीसारखी कलायची, आता रुळावरून गेल्यासारखी जाते. तू किती प्रेमानं समजावत होतास! पुढच्या स्प्रिंगा आखूड आणि कडक, नवे शॉकअप, पुढच्या दोन चाकांना जोडणारी जाड सळई, मागे स्प्रिंगचे ताठ पाटे, आणि सांध्यांतले रबराचे सगळे बुश काढून त्याजागी कडक प्लास्टिकचे. "ताई, आता रस्त्यावरचा खडासुद्धा मला पाठीत कळतो," म्हणालास. खडा मलाही कळला. पण मला आणखी एक गोष्ट कळली. प्रत्येक उजव्या वळणावर माझ्या सीटच्या मागे, खालून, "टक" असा आवाज येत होता. डाव्या वळणावर नाही. मी विचारलं तर तू हसलास. "नवीन बुश आहे, बसेल. तू सभेत टाळ्या ऐक, गाडी मी ऐकतो."

धाकट्या, ऐक. मला गाडीतलं काही कळत नाही असं तू म्हणतोस. पण जुनं शरीर आणि नवा जोर यांचा हिशेब मला कळतो. मऊ पाटे धक्का पोटात घालतात. कडक पाटे तो धक्का पुढे देतात, आणि तो शेवटी पत्र्यालाच बसतो. त्यात या गाडीला छप्पर नाही. बाकीच्या गाड्यांचा निम्मा ताण छप्पर उचलतं, इथे सगळा भार खालच्या पत्र्यावर! चाळीस वर्षांचा पत्रा आणि डोंगररस्त्यावरची शर्यत! हा शहाणपणा नव्हे, ही त्या पत्र्यावर केलेली जबरदस्ती आहे, आणि मी आयुष्यभर जबरदस्तीविरुद्ध उभी राहिले आहे.

एकवीस तारखेची शर्यत सोड. खारू, तू शेजारच्या सीटवर बसून वळणं वाचून दाखवणार आहेस असं ऐकलं. बसू नकोस.

दोघांनी जेवणाच्या वेळा पाळा.

तुमची,
ताई आणि आत्या


शुक्रवार, एकोणीस तारीख, सकाळ

धाकट्या,

तुझं उत्तर येऊन आठ दिवस झाले. एकच ओळ: "ताई, भाषण झकास, पण मुद्दा काय?" खाली खारूनं लिहिलंय, "आत्यानं कागदावर पत्र लिहिलं म्हणून आम्हाला वाटलं कुणीतरी गेलं." वाचून मला हसू आलं, आणि मग मी एकवीस तारखेपर्यंतचे दिवस मोजले.

मुद्दा आज लिहिते. तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तू उचललास, आणि मी शिंप्याच्या रंगाबद्दल बोलले. समोर येऊन सांगावं तर मला माझी भीती वाटते. मी बोलायला लागले की जिंकते. समोरच्याला गप्प करायची सवय तीस वर्षांची आहे. तू गप्प झालास की मला वाटेल झालं सांगून. आज मला जिंकायचं नाही. कागदावर खाडाखोड तरी दिसते.

तुला आठवतं, गाडी तू घरी नेलीस आणि पहिल्यांदा उचलून खाली बघितलीस? मला फोन केला होतास. "ताई, म्हाताऱ्यानं खालून काय जपलीय! काळीकुळकुळीत, एक डाग नाही." मी "हो का" म्हणाले.

तो काळा लेप बाबांनी दिलेला नाही. निदान डाव्या मागच्या चाकाच्या पुढे, पाट्याचं पुढचं टोक जिथे गाडीच्या तळाला अडकतं, तिथला नाही. तो मी दिलाय. तीन हात. नखांतला काळेपणा आठवडाभर गेला नव्हता आणि मी आईला सांगितलं होतं की फलक रंगवत होते.

मी चोवीस वर्षांची होते. तू सतरा. बाबा दोन दिवस बाहेरगावी होते आणि किल्ली तुझ्याकडे होती, कारण तेव्हा गाडी धुवायला तरी तुला परवानगी होती. कारखान्याच्या फाटकावर माझं पहिलं मोठं भाषण होतं, बस चुकली होती. तू क्लासला गेला होतास. तुझ्या खोलीतल्या खिळ्यावरची किल्ली मी काढली.

भाषण गाजलं. परत येताना डोक्यात टाळ्याच होत्या. उजव्या वळणावर मी वेग सोडला नाही, मागचा भाग बाहेर फेकला गेला आणि डावं मागचं चाक झाकण नसलेल्या गटारात आदळलं. पाट्याचं पुढचं टोक तळाचा पत्रा फाडून बाहेर आलं होतं.

जवळच्या वेल्डरनं पाहिलं आणि म्हणाला, "बाई, पत्रा सडलाय, टाका मारू कशावर? हा तुकडा कापून नवा बसवावा लागेल. दोन दिवस लागतील." मी म्हटलं, दोन तास आहेत. त्यानं खांदे उडवले. गंजावर एक पट्टी ठेवली आणि टाके मारले, गाडी जॅकवर, चाक हवेत लोंबकळत असताना.

आता बघ, मला कळत होतं. लहानपणी बाबा शेवटचा नट आवळताना मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचे. "गाडीला स्वतःच्या वजनावर उभी राहू दे, मग आवळायचं. लोंबकळत्या चाकावर केलेलं काम खोटं बोलतं." हे वाक्य मला तुझ्याआधी पाठ होतं. मी तिथे उभी होते आणि घड्याळ बघत होते.

बाहेरगावाहून आल्यावर बाबांनी ओल्या रस्त्यावरून गाडी फिरवून आणली आणि मागे वळून चाकांचे ठसे पाहिले. मागची चाकं पुढच्यांच्या मागे जात नव्हती, बोटभर बाजूला. पुढचं तुला माहीत आहे. त्यांनी तुलाच समोर उभं केलं.

"कुठे आदळलीस?"

"मी नाही, बाबा."

"मग गाडी स्वतःच्या पायांनी फिरायला गेली का?"

"मी नेलीच नाही!"

"किल्ली कुणाकडे होती? खोटं बोलणारा हात माझ्या गाडीला लागायचा नाही."

मी त्याच टेबलावर होते. समोर पुढच्या सभेचे कागद होते. तू माझ्याकडे पाहिलंस, धाकट्या. आरोप म्हणून नव्हे. तुझी ताई वकिली करेल म्हणून. आख्खं गाव ज्या तोंडाला घाबरायचं, ते तोंड तेव्हा उघडलं नाही. बाबांनी पाटा थोडा सरकवून चाक सरळ करून घेतलं, लेपाखाली पाहिलं नाही, आणि त्या दिवसापासून इतकं हळू चालवू लागले की ती पट्टी अठ्ठावीस वर्षं टिकली. मऊ पाट्यांनी आणि रबरानं तिला सांभाळलं. तू ते दोन्ही काढलंस. हे तू कुणाला दाखवायला करतो आहेस, ते मला माहीत आहे. तो हात खोटा नव्हता, हे त्या गेलेल्या माणसाला दाखवायला.

मागच्या पत्रात मी "आपलं तिघांचं दुखणं" लिहिलं. ते दोघांचं आहे. मी त्या गाडीत बसले होते. शर्यत सोड म्हणाले, पण का ते लिहिलं नाही. ती माझी जुनीच सवय.

आता माझी अवस्था ऐक. शिंप्याच्या मशीनचं पायडल वाजलं तरी मी उठून बसते. डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. डोंगररस्ता, उजवं वळण, सगळा भार डाव्या मागच्या चाकावर, खारू कागदावरून पुढचं वळण वाचते आहे, आणि ती पट्टी सुटते. मागचं चाक आपल्या मनानं वळतं. वर छप्पर नाही. यापुढे मला विचार करवत नाही. भाकरीचा घास तोंडात फिरत राहतो.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. आत्ता येऊन तुझ्या गॅरेजच्या दाराखालून सरकवते आणि समोरच्या पायरीवर बसते. तू दार उघडेपर्यंत तोंड उघडणार नाही.

मला माफ कर असं मी म्हणत नाही. शर्यतीला जायचं की नाही, तेही तू ठरव. गाडी तुझी आहे, काम तुझं आहे, आणि ते चांगलं काम आहे, माझ्या पट्टीवर उभं आहे एवढंच. मला एकच हवंय. पत्र खाली ठेव. खारू गाडीत बसली असेल तर तिला उतरव. गाडी वर घे, पातं घे आणि डाव्या मागच्या चाकाच्या पुढचा काळा लेप खरवड. लोखंड दिसेपर्यंत खरवड, धाकट्या. आत्ता.

गाडी मी नेली होती.

तुझी ताई