पाचही जणींचा हात

जांबे, ता. मुळशी
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. गौतमीस सासूबाईंचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आरोहीचा खोकला गेला. भाडेकरूंच्या पाण्याची मोटर परत बिघडली होती, ती दुरुस्त झाली. नागपूरला थंडी फार आहे म्हणतात, तर स्वेटर घालत जा. वरच्या खोलीतली शुभांगी लग्नाला तिकडे निघाली आहे, तिच्याच हाती हे पत्र देते. फोनवर बोलता आलं असतं, पण फोन लावला की इंद्रजित शेजारी येऊन बसतो आणि स्पीकर चालू करतो.

जाताना तू ठेवून गेलेली बास्केटबॉलच्या गोष्टींची पुस्तकं आम्ही रोज जेवणाआधी वाचतो. वर छापलंच आहे, घरच्यांनी मिळून वाचा. मला आधी हसू आलं. पुस्तक काय आरती आहे, सगळ्यांनी मिळून म्हणायला? पण तुझी लेक सोडते होय! आणि खरं सांगू, सून शाळेतल्या मुलींना खेळ शिकवणारी बाई व्हायला गेली, आणि तो खेळ काय असतो हेच सासूला ठाऊक नव्हतं. आता मला भलतीच गोडी लागली आहे.

तर मला काही गोष्टींची उत्तरं दे. चेंडू हातात धरून सरळ चालायला बंदी का? तो आपटत आपटतच न्यायचा, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? आणि त्या जाळीला तळ का नाही? एवढी धावाधाव करून चेंडू आत घालायचा आणि तो लगेच खाली! राहू दे की घटकाभर आत. शुभांगी म्हणाली, "काकू, मग काढायला शिडी लागेल ना." ते पटलं, पण पुरतं नाही.

यांना गोष्टीतली उंच मुलगी आवडली. ती कुणाला चेंडू देत नाही, सगळे गुण एकटीच करते. "बराबर हाय तिचं. हातात आल्यालं दुसऱ्याला द्यायचं कशाला?" यांना हातचं काही द्यायचं म्हणजे बांध सरकल्यासारखं वाटतं, ते तू जाणतेसच. पण त्याच मुलीपायी सामना हरतात. समोरच्या सगळ्या तिला वेढतात आणि तिच्याच संघातल्या पोरी नुसत्या बघत उभ्या. हे ऐकून यांनी पाट पुढे ओढला. मग म्हणाले, "फुडं वाच." सबंध संसारात यांनी मला कधी "फुडं सांग" म्हटल्याचं आठवत नाही.

पुढे त्या पोरींच्या बाई नियम करतात. पाचही जणींचा हात लागल्याशिवाय चेंडू जाळीत टाकायचा नाही, टाकला तर गुण धरायचा नाही. आरोहीनं तो नियम थेट स्वयंपाकघरात आणला. सगळ्यांचा हात लागल्याशिवाय जेवायचं नाही! यांनी कांदा चिरला. डोळे पुसत, नाक ओढत चिरला. शेजारची चंद्राबाई ताक द्यायला आली होती, ती दारातच थांबली. "सून गेली चेंडू खेळाया आन् म्हातारा बसला कांदं चिराया!" मी म्हटलं, "ये आत, तुला लसूण देते सोलाया." पळाली.

इंद्रजित वाचायला बसत नाही. गाडीची किल्ली हातात घेऊन दाराशी उभा राहतो आणि ऐकत नसल्यासारखं ऐकतो. आरोही जोडाक्षराशी अडखळली की तिथूनच सांगतो. सोमवारी ताटं वाढल्यावर ती त्याला म्हणाली, "पप्पा, तुमचा हात लागला न्हाई. आपला गुण धरत न्हाईत." तो भडकला. "मग मी दिवसभर काय करतो?" म्हणत उठून गेला. पोर हाताची घडी घालून बसून राहिली. भाकरी गार झाली, यांची चुळबुळ सुरू झाली, तरी ही ढिम्म. शेवटी तो आला, पाण्याचा तांब्या भरून आणला आणि दाणकन ठेवला. "लागला!" म्हणून ती ओरडली, आणि आम्ही जेवलो.

इतका वेळ मी इकडचं तिकडचं लिहिते आहे, कारण मुख्य गोष्ट हाताला जड जाते. हे पत्र मी आपणहून लिहायला घेतलेलं नाही. मंगळवारी सकाळी इंद्रजित माझ्याजवळ येऊन बसला. कागदही त्यानंच आणला. "आई, तू लिही तिला. गुडघा धरलाय, उठता येईना, असं लिही. तुझं दुखणं म्हणल्यावर ती थांबायची न्हाई तितं."

तू शिकणं अर्ध्यात टाकून आलीस तर कॉलेजवाले तुला परत घेणार नाहीत आणि शाळेत मिळायची नोकरीही गेली, हे त्याला माहीत आहे. मला फार राग आला. पण तो वाईट नाही गं. त्याला तू हवी आहेस, आणि तेवढं सांगायला त्याला माझं दुखणं लागतं. आमच्याकडच्या पुरुषांचं हे असंच. मी माहेरी गेले की हे निरोप धाडायचे, म्हैस आटली, लगेच ये. मी धावत यायची, तर म्हैस चरवी भरून दूध देत असायची.

तेव्हा नीट ऐक. माझा गुडघा धड आहे. काल अंगणात कोणी नसताना मी तुझा चेंडू आपटून पाहिला. तीन-चारदा हातात परत आला, मग गोठ्यात गेला. गाय माझ्याकडे बघतच राहिली. न बघता तो तुझ्या हाताला कळतो कसा, हे मला तुझ्याकडून शिकायचं आहे, आणि अर्धवट शिकलेली मास्तरीण मला नको. पुरतं शिकून ये.

इंद्रजितला मी सांगितलं, "तुला ती पाहिजे तर तुझ्या तोंडानं सांग. माझा गुडघा मधी घालू नगं." खाली जागा सोडली आहे. मी लिहिलेला वरचा भाग दुमडून कागद त्याच्यापुढे ठेवते. त्यानं काही लिहिलं नाही, तर कोरी जागा बघून मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी, दोन्ही गुडघ्यांनी धडधाकट सासू,
गोजराबाई

गौतमी,
आईनं वर काय लिहिलंय ते बघितलं नाही. गुडघ्याचं असलं तर खरं धरू नको. मला करमत नाही. ये म्हणत नाही.
इंद्रजित