ह्यांना सगळंच आवडतंय

२३ मार्च, रविवार
फुलंब्रीहून आत्ता आलो. ह्यांच्या थोरल्या दादांचं तेरावं पार पडलं. जपानची तिकिटं लेकीनं, प्राजूनं, कधीच काढून ठेवलीत म्हणून जायचं, नाहीतर सख्खा भाऊ गेल्यावर कोण फिरायला निघतं.
जेवणं चालू असताना एक झालं. वहिनी भिंतीला टेकून रडत होत्या. हे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि विचारलं, "बुंदीचे लाडू उरलेत का?" वहिनी डोळ्यांवरचा पदर काढून बघतच राहिल्या. निघताना मला गोठ्याकडं घेऊन गेल्या. म्हणाल्या, "शैला, भावजी असे नव्हते गं. लई बदललेत."
म्हटलं, धक्का बसलाय त्यांना.
परत येताना गाडीत हे गुणगुणत होते.

३० मार्च, रविवार
पाडवा. दुखवट्याचं वर्ष, गुढी नाही. पुंडलिकनगरची सगळी गल्ली सजलेली, आपलं दार तेवढं सुनं. ह्यांनी कोपऱ्यावरून श्रीखंड आणलं आणि उभ्याउभ्याच डब्यातून बोटानं संपवलं. मला विचारलंही नाही.
निवृत्त झाल्यापासून माणूस सैल पडतो म्हणतात. वाळूजच्या कंपनीत उभा जन्म तपासणी खात्यात गेला. घरातसुद्धा गॅसचं बटण पुन्हापुन्हा हात लावून बघणारा माणूस. आता पडत असेल सैल.

२ एप्रिल, बुधवार. ओसाका
पोचलो. पाय सुजलेत. प्राजू आणि जावई निखिलराव विमानतळावर आले होते. पोरगी वाळलीये. मी रडले. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, आधी विचारलं, "इथं खायला काय मिळतं?" दोघं पोटभर हसले. मीही.

४ एप्रिल, शुक्रवार
खाण्याच्या गल्लीत गेलो. आपल्या आप्पेपात्रासारखीच पात्रं, फक्त मोठी. त्यात गोळे करतात, टोच्यानं फिरवतात. प्राजू म्हणाली, "बाबा, ह्याच्यात ऑक्टोपस असतो, तुम्ही नका घेऊ."
"असू दे," म्हणाले आणि तोंडात टाकला. गळ्यात तुळशीची माळ. ह्या माणसानं लग्नाच्या पंगतीत शेजारी अंडं आलं म्हणून पान सोडलं होतं. गोळा आतून कढत असतो, जीभ भाजली असणार, डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरा घेतला. मग तिसरा.
आपली प्लेट संपली तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या प्लेटमधला उचलला. सहज. घरातल्यासारखा. निखिलराव वाकून वाकून माफी मागत होते. म्हातारा चांगला, हसला, उरलेली प्लेटच पुढं केली. ह्यांनी घेतली.
प्राजू हसून हसून बेजार. मी म्हाताऱ्याला हात जोडले.
मी कोबीचं धिरडं खाल्लं. बिनमांसाचं करून घेतलं. चांगलं होतं.

५ एप्रिल, शनिवार
बाग. फुलांनी झाडं पांढरीफेक. लोक सतरंज्या टाकून बसलेले. आम्हीही. मोदकाच्या उकडीसारखा एक मऊ गोड पदार्थ असतो, आत डाळीचं पुरण. ह्यांनी बरेच खाल्ले आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. चारचौघांत. लग्नानंतर वेरूळला गेलो होतो तेव्हा फोटोसाठीसुद्धा जवळ उभे राहिले नव्हते.
पाकळ्या त्यांच्या तोंडावर पडत होत्या. मी मांडी हलवली नाही. पाय बधिर झाला तरी नाही.
हे लिहायला नको, पण मला बरं वाटलं. आणि लगेच भीती वाटली, की हे कोण आहेत.

६ एप्रिल, रविवार
आज ते मोठं खेळांचं उद्यान. रोलर कोस्टर लांबूनच दिसतो, आणि किंकाळ्या त्याच्याही आधी ऐकू येतात. प्राजू लहान असताना कर्णपुऱ्याच्या जत्रेत पाळण्यासाठी रडायची. हे तिचा हात घट्ट धरून खाली उभे, म्हणायचे, "नट कोणी आवळलेत, कोणाला माहीत." तिला कधी बसू दिलं नाही.
आज रांगेत सगळ्यांत पुढं. प्राजूला काही सुचेना. मला म्हणाली, "आई, तूच बस बाबांजवळ."
बसले. दांडा खाली आला, छातीशी बसला. गाडी वर वर जात राहिली. टोकाला क्षणभर थांबल्यासारखं झालं. मी ह्यांचा हात धरला. त्यांनी धरला नाही. हात होता नुसता. मग खाली.
मी ओरडले, देवाचं नाव घेतलं, काय काय बोलले. एकदा डोळे उघडले आणि ह्यांच्याकडं पाहिलं. सगळे किंचाळत होते. हे हसत होते, पण आवाज नव्हता. डोळे कशावरच नव्हते.
उतरले. कठड्याला धरून उलटी केली. प्राजूनं पाठ चोळली. हे पुन्हा रांगेत जाऊन उभे. मागं वळून बघितलं नाही. परत बसले, एकटे. मी खालून बघत होते. गाडी डोक्यावरून गेली की त्यांचे वर केलेले हात दिसायचे.

७ एप्रिल, सोमवार
भांडी घासताना प्राजू म्हणाली, "बाबा किती मोकळे झालेत गं. तू का तोंड पाडून असतेस?"
म्हटलं, नाही, प्रवासाचा शीण.
बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "मला लहानपणी असेच बाबा पाहिजे होते."
हातातलं ताट पुन्हा घासलं. तिला आत्ता कुठं मिळालेत.

८ एप्रिल, मंगळवार
आंबवलेले सोयाबीन. बुळबुळीत, तारा सुटतात, वास मोज्यांचा. निखिलरावसुद्धा खात नाहीत. ह्यांनी तिघांचे वाडगे संपवले.
"आवडलं?"
"हो."
"कालचं मासळीचं?"
"हो."
सगळंच आवडतंय. म्हणजे काहीच…

९ एप्रिल, बुधवार
स्टेशनच्या जिन्यावरून प्राजूचा पाय घसरला. खालपर्यंत गेली. गुडघा फुटला, रक्त. मी ओरडत खाली धावले, अनोळखी बायका धावल्या, कोणी रुमाल दिला. निखिलराव कामावर होते.
हे वरच्या पायरीवर. हातात आइस्क्रीम. तिनं वर बघून हाक मारली, "बाबा."
त्यांनी तिच्याकडं पाहिलं. चांगलं बघितलं. मग म्हणाले, "चला, वितळतंय हे."
पोरीचं तोंड मी जन्मात विसरणार नाही. गुडघ्याचं ती विसरूनच गेली.
ही चौथीत असताना कुत्रं चावलं तर घाटी दवाखान्यापर्यंत तिला उचलून पळत गेले होते. रिक्षा मिळेपर्यंतसुद्धा थांबले नव्हते.

१० एप्रिल, गुरुवार
सकाळी हे अंघोळीला गेले तसं प्राजू समोर बसली. "आई, कधीपासून?"
सांगितलं. लाडवाचं, श्रीखंडाचं. दिवाळीत गल्लीतल्या पोरावर हात उगारला ते. मधे घरचा रस्ता सोडून चिकलठाण्याकडं चालत गेले होते, विचारलं तर म्हणाले, "चालावंसं वाटलं."
"आणि तू मला रोलर कोस्टरवर बसवू दिलंस त्यांना?"
"तू हसत होतीस बाई."
मग दोघी रडलो. आतून पाण्याचा आणि गुणगुणण्याचा आवाज येत होता. निखिलरावांनी ऑफिसातूनच कोणा डॉक्टर मित्राला विचारलं. तो म्हणाला, स्मृती जाते तेच दुखणं असं नाही. कधी आठवण शाबूत राहते आणि आतला माणूस जातो. तपासल्याशिवाय नक्की काही नाही.

२१ एप्रिल, सोमवार
घरी येऊन आठवडा झाला. ऊन मरणाचं. वहिनींचा फोन. "भावजी बरे हायेत ना?" म्हटलं, दाखवायला नेतेय. मग म्हणाल्या, "आमचे हे गेले तर मला रडायला जागा व्हती. तू कुठं रडशील?"
प्राजू रोज व्हिडिओ कॉल करते. गुडघ्यावरची खपली दाखवली. ह्यांनी पाहिलं आणि विचारलं, "तिथं आज काय खाल्लं?"

२४ एप्रिल, गुरुवार
डोक्याची तपासणी झाली. त्या मशीनच्या बोगद्यात हे शांत पडून होते, बाहेर बाकावर मी. रिपोर्ट उद्या संध्याकाळी.
येताना ह्यांनी शहागंजात रिक्षा थांबवायला लावली. "नान-खलिया खायचाय." आयुष्य ह्या शहरात गेलं, त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. वास आला की ते नाकाला रुमाल लावायचे. वाटलं हाताला धरून घरी न्यावं. नाही नेलं. त्यांच्यासमोर बसले. पिवळे नान, मटणाचा रस्सा, लाल तर्री वर आलेली. हे जेवत होते. मग एक नान तोडून त्यांनी माझ्यापुढं ठेवला, वाटी सरकवली.
मी कडेनं बुडवला. खाल्ला. मांस नाही, रस्सा. तिखट, गरम. गिळला.
ते माझ्याकडं बघत होते. किती दिवसांनी असं सरळ बघितलं. मग हसले, बसमध्ये शेजारच्याशी हसतो तसं, आणि म्हणाले, "तुम्हाला आवडलं का?"
तुम्हाला.
थट्टा असेल. पण हे थट्टा कधी करत नसत. मी हो म्हटलं. वेटरनं अजून एक नान आणून टाकला. फोन वाजत होता, प्राजूचा. उचलला नाही. अजून तिला परत फोनही केला नाही.