कवळी ब्येस बसतीय

आप्पा,

आज पुण्यात दातांचं माप घेणारं नवं मशीन बघून आले. आम्ही दातांचे डॉक्टर तोंडात ठशाचा ओला मसाला भरून माप घेतो, पेशंटला उमासे येतात. आता म्हणे जाड पेनासारखा कॅमेरा दातांवरून फिरवायचा, की पडद्यावर जबडा उभा. विकणारे गृहस्थ केसापेक्षा बारीक फरकाच्या गोष्टी सांगत होते. मी विचारलं, "एका दाताचं ठीक, पण अख्ख्या जबड्याचं?" कॅमेरा छोटे छोटे फोटो घेऊन जोडतो, त्यामुळे या दाढेपासून त्या दाढेपर्यंत जाताना माप थोडं सरकतं, म्हणाले. सगळे डॉक्टर वळून माझ्याकडे बघायला लागले. त्यांना काय माहीत, हा प्रश्न कुरकुंभच्या कंपनीतल्या एका फिटरचा होता.

आठवतं? मी सातवीत आहे. पडदा शिवायचा म्हणून कंपासातल्या पट्टीनं दाराची चौकट मोजतेय. तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून येता आणि चहाही न घेता माझ्या हातातली पट्टी काढून घेता. "येवढुशा पट्टीनं येवढी चौकट मोजती व्हय? जितक्यांदा उचलशील तितक्यांदा चुकशील." मी म्हणते, साधारण बरोबर येईल की. "साधारण बरोबर म्हंजी चूकच. आमच्यात असला पाईप बसवला तर गळंल." मला रडू आलं होतं. तुमचा रागही आला होता, खूप.

पुढं मी दौंडला दातांचा दवाखाना टाकला आणि पहिली कवळी तुमचीच केली. तुम्ही ती घालून आरशात पाहिलंत आणि म्हणालात, "ब्येस बसतीय." एवढंच. किती, कुठं, कुठल्या बाजूला, असं काही नाही. तुमच्यासारखा माणूस असं मोघम बोलतो, तिथंच मला शंका यायला हवी होती. पण मला तेच ऐकायचं होतं. मग कंपनीतल्या मित्रांना तुम्ही धरून धरून दवाखान्यात आणलंत, शिरूरहून मामांना बोलावून घेतलंत. "माझ्या लेकीनं केलीय, बघा," म्हणत सगळ्यांपुढं तोंडभर हसायचात. घरी मात्र भाकरी दुधात चुरून खायचात. आईनं विचारलं तर, "आता मऊच ग्वाड लागतं."

एका सकाळी कवळी धुताना मला खालच्या कवळीच्या आतल्या बाजूला, डावीकडे, बारीक ओरखडे दिसले. आमच्या हत्याराचे नव्हते, तुमच्या कानशीचे होते. जिथं टोचत होतं तिथं तुम्ही स्वतः घासली होतीत, मला कळू न देता. मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही किती दिवस सोसलंत, आप्पा?

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून लिहिते. ते ओरखडे तुम्ही गेल्यावर, सामान आवरताना दिसले, असं मी आईला सांगितलं. खोटं सांगितलं. तुम्ही तेव्हा होतात. आजारी होतात, पण खाटेवर बसून कवळीची वाट बघत होतात. विचारलं असतं तर कवळी नीट करणं दहा मिनिटांचं काम होतं. पण मग माझी चूक तुमच्या तोंडून ऐकावी लागली असती. मी कवळी पुसली आणि तशीच तुमच्या हातात दिली.