कोऱ्या जागेवरची रेघ

नाना,

उद्या भाऊबीज. तुमचा मुलगा सकाळच्या एसटीने येणार आहे आणि मी आजपासूनच पाट कसे मांडायचे ते ठरवते आहे. समोरासमोर मांडले की हे आणि तो बोलत बसतात. शेजारी मांडले की दोघंही खाली मान घालून जेवतात. म्हणून मी शेजारी मांडते, आणि वाढताना मधून हलत नाही. गेली कित्येक वर्षं दर भाऊबीजेला माझं हेच चाललंय. त्या दोघांनी एका गोष्टीबद्दल एकमेकांशी बोलू नये, एवढीच माझी धडपड. ती गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. तुम्हाला सांगायला हवी होती, पण सांगण्याच्या वेळेला तुम्ही नव्हता, आणि तुम्ही असता तर ती घडलीच नसती.

खेडच्या कचेरीसमोर चिंचेखाली तुमची बैठक असायची. पुढ्यात उतरतं मेज, शाईची दौत, आणि समोर उकिडवं बसलेलं कुणीतरी, ज्याला आपलं म्हणणं सांगता येतं पण लिहिता येत नाही. शाळा सुटली की मी तुमचा डबा घेऊन यायची. तुम्ही अर्ज लिहून पूर्ण केलात की मजकूर आणि अंगठा यांच्यामध्ये जी जागा उरेल तिच्यावर आडवी रेघ ओढायचात. मी एकदा विचारलं, ही कशाला, तर म्हणालात, "पोरी, कोरी जागा ठेवली की दुसरा कुणी येऊन भरतो."

मॅट्रिकच्या वर्षी मी सहीचं वळण बसवत होते. वहीच्या पाठकोऱ्या पानावर खाली कोपऱ्यात एक झोकदार सही केली आणि ते पान तसंच ओट्यावर राहिलं. तुम्ही पाणी प्यायला आत आलात, पान बघितलंत आणि असे ओरडलात की माझ्या हातातली परात पडली. तुम्ही आयुष्यात माझ्यावर ओरडलात ते तेवढंच. "वर मजकूर नाही आणि खाली सही! हे पान घेऊन कुणी काय लिहील, ठाऊक आहे?" मी म्हटलं, "नाना, घरात आपण तिघंच तर आहोत." तुम्ही ते पान चुलीत घातलंत. जळेपर्यंत उभे राहिलात. मग खालच्या आवाजात म्हणालात, "माझ्याकडे रडत येतात ना, त्यांचंही घरच्याच माणसांनी केलेलं असतं."

तो तेव्हा सात वर्षांचा होता. आई गेल्यापासून माझ्या पदराला धरून असायचा. पडलेली परात त्यानेच उचलून दिली होती.

लग्नात तुम्ही मला सोनं घातलं नाहीत. चिंचवडच्या बँकेत माझ्या नावाने खातं काढून दिलंत आणि त्यात एकशे एक रुपये भरलेत. सासूबाई चार बायकांत म्हणाल्या, "लोक लेकीच्या हातात पाटल्या घालतात, आमच्या व्याह्यांनी वही घातली!" सगळ्या हसल्या. हे मात्र हसले नाहीत. रात्री म्हणाले, "तुझे वडील पुढचं बघणारे आहेत." ह्यांना तुमच्याबद्दल पहिल्यापासून फार आदर, नाना. तुमचा शब्द ह्यांच्या लेखी सही-शिक्क्याचा कागद. हे मी उगाच सांगत नाही, पुढे याच्यावरच सगळं येणार आहे.

तुम्ही गेल्यावर तो आमच्याकडे आला. थेरगावच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. ह्यांनी शब्द टाकून त्याला पिंपरीकडच्या एका कंपनीत टेंपररी म्हणून चिकटवलं. पहिला पगार झाला तेव्हा त्याने साठ रुपये माझ्या हातात ठेवले. मी ते देवापुढे ठेवले, गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला आणि वहीत लिहिलं, "भावाकडून आले." तुमची फार आठवण झाली.

घरखर्च भागून उरलेलं मी तुम्ही काढून दिलेल्या खात्यातच टाकायची. त्याचं चेकबुक देव्हाऱ्याखालच्या खणात असायचं. लक्ष्मी ती, तिची जागा देवाजवळच. पण महिन्याचे चार दिवस मी देव्हाऱ्याला शिवत नसे. मोरीजवळच्या कोपऱ्यात माझं घोंगडं, पाणीसुद्धा वरून घ्यायची. स्वयंपाक हे करायचे, पूजा तो. नेमकं त्याच दिवसांत काहीतरी निघायचं. भाडं, रॉकेल, कुणाचं आजारपण. हे पाळीवर, बँक दुपारी बंद. तेव्हा मी काय केलं, तर माझी वेळ जवळ आली की एका चेकवर आधीच सही करून ठेवायला लागले. रक्कम कोरी. किती लागतील ते आधी कसं कळणार? लागले तर तो खण उघडून, मी कोपऱ्यातून सांगेन तो आकडा घालायचा आणि बँकेतून पैसे आणायचा. चेक फाडल्यावर बुकात चिंचोळी पट्टी उरते तिच्यावर रक्कम तोच लिहायचा. पाचव्या दिवशी न्हाऊन मी ती पट्टी बघायची आणि माझ्या वहीत उतरवायची. माझी वही पैशा-पैशाला जुळत होती, नाना. म्हणून पासबुक भरून आणायची मला घाई नव्हती. कोपऱ्यात सही केलेलं ते पान चुलीत जळताना मी बघितलं होतं, तरी चेकवर सही करताना ते मला एकदाही आठवलं नाही. देवाच्या खणात ठेवतेय, मग कसली भीती, असं वाटलं असावं.

आणखी एक. त्या वर्षी कपड्यांचा साबण कमी लागायला लागला. आधी त्याच्या शर्टाच्या बाह्यांवर ऑइलचे डाग असायचे, घासून घासून माझे हात सोलून निघायचे. ते डाग बंद झाले. मला वाटलं, बढती झाली असेल, टेबलावर बसवला असेल. साबणाच्या महिन्याला दोन वड्या वाचल्या याचा मला आनंद झाला! तो आनंदही मी वहीत लिहून ठेवलाय, "साबणात बचत".

मग सरकारी योजनेत घराचा आमचा अर्ज लागला. पंधराशे रुपये अनामत, शनिवारपर्यंत भरायची. गुरुवारी सकाळी मी पासबुक घेऊन बँकेत गेले. खिडकीवरच्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवून नोंदी केल्या, शिक्का मारला आणि पासबुक पुढे सरकवलं. शिल्लक बघून मी म्हटलं, "अहो, हे दुसऱ्या कुणाचं तरी भरलंत."

"नाही बाई, तुमचंच आहे."

"एवढे काढलेच नाहीत मी."

त्यांनी मागे जाऊन चेकांचा गठ्ठा आणला आणि एकेक माझ्यापुढे ठेवला. "ही सही तुमची नव्हे का? दर महिन्याला तुमचा भाऊच तर येतो. फार मर्यादेचा मुलगा. आणि बाई, एवढी वळणदार सही या शाखेत दुसऱ्या कुणाची नाही."

सही माझी होती. वरचा आकडा त्याचा. मी कोपऱ्यातून पन्नास सांगितले त्या महिन्यात दीडशे, बुकातल्या पट्टीवर मात्र पन्नासच.

घरी येऊन मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. माझ्या दिवसांना मी पेन्सिलीने बारीक ठिपका देत असे. पासबुकातल्या तारखा आणि ते ठिपके. अकरा महिने, एकही चुकला नव्हता. मी बाजूला बसायची आणि माझ्या पैशाचा खण उघडायचा.

हे चारला पहिल्या पाळीवरून आले आणि बाहेरच्या खोलीत झोपले. तो साडेपाचला आला. मधे नुसता पडदा. मी भाजी निवडत बसले होते. कुजबुजतच विचारलं, "डबा कुठं खाल्लास आज?"

"कुठं म्हणजे? कंपनीत, अक्का."

मी पासबुक पाटावर ठेवलं. त्याने ते उघडलंसुद्धा नाही. रिकामा डबा हातात घेऊन तसाच भिंतीला टेकून खाली बसला.

"मोशीला," म्हणाला. "नदीवर बसून खातो."

"म्हणजे?"

"ब्रेक दिला मला, घरी बसवलं. मागच्या वर्षीच. परत घेऊ म्हणाले होते, घेतलं नाही. दाजींनी शब्द टाकलेला, त्यांना काय तोंड दाखवू?"

"मग दर महिन्याला माझ्या हातात ठेवलेस ते?"

पलीकडे ह्यांनी कूस बदलली. आम्ही दोघं श्वास धरून बसलो. चुलीवरचं पाणी उकळायला लागलं तरी मला उठवेना. अकरा महिने मी माझेच पैसे देवापुढे ठेवून नैवेद्य दाखवत होते, नाना.

"आणि बाकीचे?"

"तुझे परत करायचे म्हणून मटक्याचा आकडा लावला. एकदा लागलाही. मग नाही लागला." आणि एकदम माझे पाय धरले. "अक्का, दाजींना सांगू नकोस. ते मला काही बोलणार नाहीत गं. नुसते बघतील. ते मला नाही सोसायचं."

त्याला मी ढकलून दिलं की नाही ते आठवत नाही. एवढं आठवतं की त्याच्या बाह्या स्वच्छ होत्या, आणि त्या मीच धुतल्या होत्या.

"काय कुजबुजताय भाऊ-बहीण?" पडद्याआडून ह्यांचा आवाज आला. "चहा मिळेल का?"

मी त्याच्या हातात भांडं देऊन त्याला दूध आणायला पिटाळलं. हे डोळे चोळत स्वयंपाकघरात आले. "पंधराशेचा चेक लिहून ठेव हो. शनिवारी रजा टाकलीय."

खरं सांगितलं तर तो दारातून बाहेर, हे मला दिसत होतं. हे हाकलणार नव्हते, तोच निघून गेला असता, आणि कुठे गेला असता? न सांगावं तर शनिवार परवावर आलेला. घर जाणार. हे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते मी आधी योजलेलं नव्हतं, मोरयाची शपथ.

मी म्हटलं, "खात्यात तेवढे नाहीत. मी त्याला दिले. त्याचं काम गेलंय. नाना जाताना मला बोलले होते, त्याला काही कमी पडू देऊ नकोस, खात्यातले पैसे त्याच्यासाठीही आहेत. म्हणून तुम्हाला न विचारता दिले."

ह्यांनी चहासाठी काढलेला रिकामा कप उचलून हातात घेतला. मग म्हणाले, "नाना बोलले होते?"

"हो."

"मग झालं. त्यांच्या शब्दापुढे मी काय बोलणार?" दाराशी जाऊन परत वळले. "मला आधी सांगायचं होतंस गं. मी काय नाही म्हटलं असतं?"

ह्यांनी कंपनीच्या पतपेढीतून कर्ज उचललं. वर्षभर डबल पाळी केली. सोळा-सोळा तास उभं राहून ह्यांच्या पायाच्या शिरा फुगल्या त्या अजून उतरलेल्या नाहीत. रोज संध्याकाळी मी तेल चोळते तेव्हा त्या माझ्या बोटांना लागतात. अनामत वेळेत भरली गेली, घर मिळालं. गृहप्रवेशाच्या दिवशी ह्यांनी पहिला तुमचा फोटो लावला. शेजाऱ्यांना सांगत होते, "सासऱ्यांचा शब्द पाळला, म्हणून हे घर लाभलं." तुमच्या हाराला मी रोज हात लावते. तुमच्या तोंडाकडे बघत नाही.

तो आता जुन्नरकडे एका वर्कशॉपमध्ये आहे. लग्न झालंय, बरा आहे. त्याला फक्त एवढंच ठाऊक आहे की अक्काने सांभाळून घेतलं. कसं, ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. उद्या जेवताना हे जर सहज म्हणाले, "नानांनी तुझ्यासाठी पैसे ठेवले होते ना," तर तो घास हातात धरून माझ्याकडे बघेल. त्या बघण्याचं भय मला. देव सगळं बघतो म्हणतात, पण मला देवाची तेवढी भीती वाटत नाही जेवढी त्या दोन पाटांची वाटते.

तुम्ही असं काही बोलला नव्हता, नाना. शेवटच्या दिवशी तुम्ही पाणी मागितलंत, आणि खिडकी उघड म्हणालात. बस. त्यानंतर तुमची जीभ जड झाली. तुम्ही न बोललेल्या जागेत मी माझा मजकूर भरला. ह्यांनी खाली तुमची सही बघितली आणि मान्य केलं. त्याने माझ्या सहीचं जे केलं, तेच मी तुमच्या सहीचं केलं. त्याला मी कधीतरी माफ केलंही असेल. माझ्यावर ओरडायला मात्र कुणी उरलं नाही.

हे पत्र उद्या सकाळी करंज्या तळताना चुलीत जाईल. पण खरं सांगू का? तो दिवस पुन्हा आला तर मी पुन्हा तेच बोलेन, फक्त या वेळी चहा आधी ह्यांच्या हातात देईन.

पानाच्या तळाशी बोटभर जागा उरली आहे. रेघ मारते.