सदर श्वानास हाक मारण्यासाठी हजर राहण्याबाबत

प्रति,
मा. पशुवैद्यकीय अधिकारी,
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला.

विषय : पत्र्यांच्या गोदामातील कुत्र्यास हाक मारून बाहेर बोलावण्याच्या सूचनेबाबत, आणि तो कुत्रा माझ्या ताब्यात मिळण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र, दि. ५ मार्च २०२४. शिपायाकरवी मिळाले.

महोदय,

१. आपल्या पत्राचे उत्तर सन १९६३ पासून सुरू होते, त्याला माझा इलाज नाही. त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते आणि माझ्या वडिलांची लाकडाची वखार होती. उद्या, गुरुवारी, सकाळी अकरा वाजता मी गोदामाच्या फाटकाशी हजर राहावे असे आपण कळवले आहे. त्याआधी हा अर्ज वाचून व्हावा, एवढी पहिली विनंती.

२. आपल्या पत्रात ‘सदर श्वान’ असे म्हटले आहे. त्याचे नाव कुलूप आहे. गोदामाच्या मालकाने ते गमतीने ठेवले, कारण फाटकाला दुसरे कुलूप लावायची त्याला कधी गरज पडली नाही. शनिवारी दुपारी या कुलूपने गोदामाच्या मुकादमाचा उजवा हात कोपराखाली फाडला. एकतीस टाके पडले. तेव्हापासून तो पत्र्यांच्या थप्पीमागे बसून आहे, आपली माणसे दोनदा फास घेऊन गेली आणि दोनदा हात हलवत परत आली. शेजाऱ्यांनी सांगितले की तो फक्त मागच्या घरातल्या आजीचे ऐकतो. ती आजी मी. म्हणून मी हाक मारावी, तो बाहेर आला की ‘पुढील कार्यवाही’ करण्यात येईल, असे पत्र म्हणते.

३. वडिलांच्या वखारीत सागाचा ओला भुसा घोट्यापर्यंत असे. त्याचा वास अजून कुठे आला तर मी रस्त्यात थांबते. वडील लाकूड टेपने मोजत नसत, वीत टाकून सांगत, आणि मग टेप लावून पाहणारे गिऱ्हाईक ओशाळे. मोठा करवत्या करवत चालू करण्याआधी तिला हात जोडी. माझा सतरा वर्षांचा दादा फळ्या रचता रचता शीळ घाली. मी शाळेतून आले की दप्तर भुशावर फेकी. असे सुख मला पुन्हा मिळाले नाही. हे यासाठी लिहिले की वडील दुष्ट होते असा आपला समज होऊ नये.

४. वखारीचा कुत्रा भुश्या. त्याला राखणीसाठी तयार करण्याची एक रीत होती. कुत्र्याने एकाच हातचे खायचे, म्हणजे चोराने टाकलेल्या तुकड्याला तो तोंड लावत नाही. तो एक हात माझा ठरला. मग मोठा करवत्या रोज एक मांसाचा तुकडा त्याच्यापुढे धरी. भुश्याने तोंड पुढे केले की त्याच्या नाकावर पट्टीचा फटका बसे. पहिल्या दिवशी रक्त आले. दुसऱ्या दिवशीही आले. नवव्या दिवशी तुकडा समोर आला आणि भुश्याने मान फिरवून लघवी केली. वडील म्हणाले, “झाला तयार.” सगळे हसले. मीही हसले. मला वाटे, एवढे मोठे जनावर जगात फक्त माझे आहे.

५. त्या वर्षी मावशीला बाळ झाले म्हणून आई मला घेऊन आठ दिवस मावशीकडे गेली. वखारीत कोणी भुश्याला विसरले नाही, हे नीट लक्षात घ्यावे. दादा रोज दोन वेळा थाळी ठेवत होता. भुश्या थाळीकडे बघायचा आणि अंग चोरून मागे सरायचा, कारण दुसऱ्याच्या हातचे खाल्ले की काय होते हे आम्हीच त्याला शिकवले होते. पाण्याचे भांडे पहिल्याच दिवशी साखळीत अडकून उलटले. ते भरून ठेवले तरी रात्री चोरून घेतलेल्या दोन घोटांपलीकडे त्याने तोंड लावले नाही. वडील म्हणाले, भूक लागली की खाईल. सातव्या दिवशी दादाला राहवले नाही. भाकरीचा तुकडा त्याने स्वतःच्या हाताने भुश्याच्या तोंडाशी नेला, आणि दुसरा हात मायेने त्याच्या नाकावर ठेवला. नाकावरच.

६. दादाची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट भुशात पडले. आठव्या दिवशी मी घरी आले तेव्हा भुश्या साखळी तोडून ओंडक्यांखाली घुसला होता. तोंड वाळलेल्या रक्ताने काळे झाले होते. भर दुपार होती. वडील माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “पोरी, हाक मार त्याला. तुझ्याशिवाय यायचा नाही तो.” मी विचारले, मारणार नाही ना? ते म्हणाले, “नाही गं. बांधायचंय फक्त.”

मी हाक मारली. तो पोटावर सरपटत आला, शेपटी हलवत, कान पाडून. माझ्या पायाशी आला आणि आडवा झाला. मोठ्या करवत्याने पहिली पहार त्याच्या पाठीत घातली. मागचे पाय गेले, पुढच्या पायांनी तो माझ्याकडेच ओढत आला. दुसरा घाव वडिलांचा, फळीचा, डोक्यावर. तो लागला नाही नीट. एकूण किती घाव झाले ते मला माहीत आहे, पण ते अर्जात लिहिण्यासारखे नाही. माझ्या पांढऱ्या मोज्यांवर उडालेले आईने सहा वेळा धुतले. शेवटपर्यंत तो माझ्यावर गुरगुरला नाही.

७. त्या दिवसापासून आजपर्यंत मी कोणालाही मोठ्याने हाक मारलेली नाही. मुलांना जेवायला बोलवायचे तर मी ताटलीवर चमचा वाजवी. नवरा दिवाणखान्यातून उठून येई तोही चमच्यानेच. लोक म्हणत, बाईचा घसा नाजूक आहे. मी म्हणू दिले. तेव्हा कुलूप माझ्या हाकेला येतो, हे आपल्या पत्रातले विधान चुकीचे आहे. मी त्याला एकदाही हाक मारलेली नाही.

८. गोदामाचा पहारेकरी कुलूपला खाऊ घाली. तो एकच हात. बाकीचे शिकवणे मुकादमाकडे होते, पट्टीऐवजी लोखंडी नळीने. माझ्या मोरीच्या खिडकीतून ते सगळे दिसते. तेव्हा मी मालकाकडे दोनदा जाऊन आले. तो म्हणाला, “आजी, तुम्ही मांजर पाळा.” ऑक्टोबरात पहारेकरी अंथरुणाला खिळला आणि परत आला नाही. पुढे काय होणार ते मला तोंडपाठ होते. मी भिंतीशी स्टूल ठेवले, ताटलीवर चमचा वाजवला आणि पाव दुधात भिजवून पलीकडे सोडला. दहा दिवस त्याने मान फिरवली. अकराव्या दिवशी खाल्ला, आणि खाऊन झाल्यावर फटक्याची वाट बघत डोळे मिटून उभा राहिला. महोदय, माझे वय बाहत्तर आहे. मी त्या स्टुलावर उभी राहून रडले.

९. त्याच्या गळ्यात पट्टा नाही, तार आहे. पिल्लू असताना बांधली, मान वाढली, तार वाढली नाही. आता ती मांसात गेली आहे आणि वरून कातडे आले आहे. शनिवारी मुकादम ती तार धरून त्याला ओढत होता आणि दुसऱ्या हाताने नळी घालत होता. पाचव्या की सहाव्या घावाला हात फाटला. मुकादमाचे मला वाईट वाटते. त्याला दोन लहान मुली आहेत. पण पत्रासोबत आलेल्या आपल्या पंचनाम्यात तारेचा शब्दही नाही, नळीचाही नाही.

१०. ‘पुढील कार्यवाही’ म्हणजे काय, हे आपण लिहिलेले नाही. मी दूरध्वनी केला तेव्हा आपले कारकून फार आदराने बोलले. ते म्हणाले, “आजी, तुम्ही फक्त हाक मारायची. बाकीचं आमची माणसं बघतील.” वडीलही माझ्याशी आदरानेच बोलले होते.

११. तरी माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. कुलूपला आपल्या पिंजऱ्यात दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवावे. त्याला पिसाळल्याची लक्षणे नसतील तर तार कापून, लस टोचून, माझ्याकडे द्यावे. पाणी दोन भांड्यांत राहील, एक उलटले तर दुसरे असावे म्हणून. पट्ट्यात माझी दोन बोटे जातील एवढी सैल जागा असेल. बाहेर नेताना तोंडाला जाळी असेल. आणि तो एका हातचे खाणार नाही. समोरची शिंपीण आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, दोघांनी रोज एकेक वेळ खाऊ घालण्याचे लिहून दिले आहे. मी उद्या मेले तरी परवा तो जेवला पाहिजे. आपला विश्वास बसत नसेल तर ते दहा दिवस मलाही त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यात ठेवावे. मला जमिनीवर झोपायची सवय आहे. माझे जेवण मी आणीन.

१२. ज्यांची नावे वर आली त्यांचे पुढे काय झाले हेही नोंदवते. वडिलांनी वखार आणखी एकोणीस वर्षे चालवली, त्याच रीतीने दोन कुत्री तयार केली, पण हात माझा मागितला नाही. मोठा करवत्या महिन्याभरात काम सोडून गेला. पुढे रस्त्यात मी दिसले की तो पलीकडच्या बाजूला जाई. दादाने शीळ घालणे सोडले. त्याने जन्मभर मांजरे पाळली, एका वेळी सात-सात, आणि तीन बोटांच्या हाताने त्यांना मासे भरवले. मरताना तो मला म्हणाला, “त्याची काही चूक नव्हती गं.” पहारेकरी डिसेंबरात वारला. मुकादमाचा हात बरा होत आहे.

कुलूपचे पुढे काय होणार, ते लिहायला खाली एक ओळ मोकळी सोडली आहे. ती आपण आपल्या हस्ताक्षरात भरून, सही करून मला परत पाठवावी.

कुलूप : ........................................................................

भरलेली ओळ हाती आली की मी येईन. उशीर झाला तरी येईन.

आपली नम्र आणि या बाबतीत हट्टी,

(सही)
गोदामामागच्या घरातली अर्जदार, वय ७२
दि. ६ मार्च २०२४

सोबत :
१) शिंपीण व मास्तर यांची लेखी हमी.
२) मोरीच्या खिडकीतून काढलेली, तार दिसणारी दोन छायाचित्रे.
३) नवा पट्टा, सैल करता येणारा.
ताटली आणि चमचा जोडलेले नाहीत. ते माझ्याजवळ आहेत.