साहेबांच्या खिशावरचं पाखरू

मंगळवार, मोताळ्याला परतल्यावर

सुटले बाई! बोंडअळीची पाखरं धरायच्या सापळ्याची पिशवी वाऱ्यानं फाटलेली, म्हणून रिकामी. माझे पाखरांचे आकडे तपासायला आलेले कृषी अधिकारी साहेब भर शेतात ओरडले, "बीटी कपाशीवर कुठून आली बोंडअळी, मॅडम? घरी बसून आकडे भरता! नोटीसच काढतो." सापळ्यातली मादीच्या वासाची गोळी उपटून त्यांनी रागारागानं स्वतःच्या खिशात टाकली. मी मान खाली घालून फाटकी पिशवी सोडवू लागले. त्यांची एवढी भीती का वाटते मला?

अंधारून आलं तसं एक पाखरू त्या खिशावर येऊन बसलं. मग दुसरं. शेतमालक शेखचाचा म्हणाले, "साहेब, मॅडमले काऊन बोलून राह्यले? पाखरं तं तुमच्याच मांगं लागले!"

साहेब खिशाकडे बघतच राहिले. आणि हसले! त्यांना हसता येतं? नोटिशीचं नावच नाही मग.

आता ते कितीही ओरडोत, मी आपली खिशाकडे बघणार.