वाचनालयाच्या टेराझो फरशीवरील टाइल्स उखडल्याच्या नोटिशीबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
इमारत विभाग, नगरपालिका

विषय : नोटीस रद्द करणे व वाचनकक्षाची फरशी वाचवणे.
संदर्भ : आपली कालची नोटीस.

महोदय,

१. वाचनालयाच्या नूतनीकरणाची वास्तुविशारद मी आहे. आपण नात्याने माझे थोरले दीर. परंतु नोटिशीत आपण मला 'सदर महिला' म्हटले असल्याने मीही येथे भाऊजी म्हणणार नाही.

२. ही आधुनिक शैलीची इमारत वारसा यादीत आहे. तिची टेराझो फरशी जागेवरच ओतलेली आहे : सिमेंटमध्ये हिरवी-पांढरी संगमरवरी खडी, मध्ये पितळी पट्ट्या, आणि तीच फरशी वळण घेत जिना चढते. तडे तशाच खडीने भरून घासायचे, हा आराखडा आपल्याच सहीने मंजूर झाला. तरी पाहणीच्या वेळी आपण कंत्राटदारासमोर म्हणालात, "हे डागाळलेलं काय कवटाळून बसलात? वर चकचकीत टाइल्स मारा आणि मोकळे व्हा." मी साफ नकार दिला. पुढे मी खडी जुळवायला खाणीवर गेले, तेवढ्यात आपण प्रवेशदालनाच्या फरशीला टाचे मारून, म्हणजे टाइल्स धराव्यात म्हणून छिन्नीने भोके पाडून, त्यावर टाइल्स चिकटवून घेतल्यात. उंची वाढून दरवाजे अडले, तेव्हा जुने सागवानी दरवाजेही खालून कापलेत.

३. त्या टाइल्सवरून घसरल्या त्या आपल्याच मातोश्री. सासूबाई रोजच्यासारख्या वर्तमानपत्र वाचायला आल्या होत्या, फरशी नुकतीच पुसलेली होती. मनगट मोडले. दवाखान्यात आपण पहिला प्रश्न विचारलात, "आई, पायात चपला कुठल्या होत्या?" त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. मी तिथून तडक वाचनालयात गेले आणि गवंड्याला सोबत घेऊन टाइल्स उखडल्या. पश्चात्ताप नाही.

४. नोटिशीत ज्या नुकसानीचा ठपका माझ्यावर आहे, ते खरे कोणी केले, ते येऊन पाहावे. खालच्या फरशीची टाच्यांनी चाळण झाली आहे. गुडघे टेकून आम्ही एकेक भोक भरतो आहोत. वाचनकक्ष अजून शाबूत आहे. तिथे सोमवारी टाचे मारण्याचा हुकूम आपण दिला आहे. तो लेखी मागे घ्यावा. "घरी बसून मिटवू" असे निरोप जाऊबाईंकरवी पाठवू नयेत.

लोभ नसला तरी चालेल, हुकूम मागे घ्यावा.

आपली,
वास्तुविशारद, वाचनालय नूतनीकरण
(सही)
दिनांक : शनिवार

सोबत :
१. मंजूर आराखड्याची प्रत
२. मनगटाचा एक्स-रे
३. सासूबाई (सोमवारी सकाळपासून वाचनकक्षाच्या दारात खुर्ची टाकून बसतील, मजुरांना आत न्यायचे असल्यास आपण स्वतः येऊन त्यांना उठवावे.)